सागवानी फ्लोअरिंगच्या पट्ट्यांचा बेंच-टॉप : फोंड्यातल्या वर्कशॉपच्या नोंदी

१८ जानेवारी

माल आला. सॉलिड सागवानी फ्लोअरिंग, जाडी १८ मिमी, वरून दिसणारी रुंदी ९० मिमी. एका कडेला ६ मिमी बाहेर आलेली जीभ, दुसऱ्या कडेला ७ मिमी खोल खाच, पाठीमागे लांबीभर तीन खोबण्या, प्रत्येक साधारण २ मिमी खोल. वरच्या अंगाला कारखान्यातच मारलेलं कडक कोटिंग. लांब्या मिसळ आहेत, ४५० पासून १२०० मिमीपर्यंत. ६० चौरस फूट माल पेटीबंद आहे, न वापरलेला. बाकीचा २२ चौरस फूट एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतून उखडून काढलेला.

करायचं आहे सुतारकामाच्या बेंचचं वरचं टेबल : १८०० मिमी लांब, ६०० मिमी रुंद, तयार जाडी ७५ मिमी. पट्ट्या आडव्या न टाकता उभ्या, म्हणजे कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवायच्या. जीभ आणि खाच कापल्यावर पट्टी ८० मिमी रुंद उरते, तीच टेबलाची जाडी होते. कोटिंग आणि पाठीच्या खोबण्या काढल्यावर १८ मिमीची पट्टी १५ मिमीवर येते. ६०० ला १५ ने भागलं की ४० ओळी. ४० गुणिले १.८ मीटर म्हणजे ७२ मीटर. टोकं कापणं, गाठी, कीड, पिळलेल्या पट्ट्या यांसाठी १८ टक्के वाढवून ८५ मीटर. ९० मिमीच्या रुंदीने ते ८२ चौरस फूट होतात, म्हणजे आहे तो माल पुरतो, पण उधळपट्टीला जागा नाही.

आधी एक तपासणी. पट्टीचं टोक कापून पाहावं. सगळ्या जाडीत एकच लाकूड आणि एकसंध रेषा दिसल्या तर माल सॉलिड. वर ३-४ मिमी सागवान आणि खाली प्लायचे थर दिसले तर तो इंजिनिअर्ड माल. तो उभा करून चिकटवला तर टेबलावर प्लायच्या कडा वर येतात आणि रंधा मारताना त्यांचे तुकडे उडतात. तसला माल या कामाला घेऊ नये.

२० जानेवारी

पट्ट्या आडव्या का नाहीत, हे नोंदवून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. १८ मिमीच्या प्लायवर फ्लोअरिंग आडवं ठोकलं की दोन दिवसांत बेंच तयार होतो आणि माल लागतो फक्त १२-१३ चौरस फूट. पण वरची जीभ-खाच पृष्ठभागापासून जेमतेम ६ मिमी खाली असते. बेंच दोन-तीनदा रंधून सपाट केला की वरचा ओठ पातळ होतो आणि सांधे चिरायला लागतात. शिवाय प्लाय आडव्या दिशेत हलत नाही आणि सॉलिड लाकूड हलतं. दोन्ही एकमेकांना पूर्ण चिकटवली तर पावसाळ्यात टेबल मध्ये फुगतं, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडतात.

लाकडाच्या हलण्याचा हिशेब असा. सागवान पूर्ण ओल्या अवस्थेतून भट्टीत पूर्ण सुकेपर्यंत खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं. हे आकसणं ओलावा ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावर सुरू होतं. म्हणजे ओलावा १ टक्क्याने बदलला की त्रिज्येच्या दिशेने ०.०८३ टक्के आणि वर्तुळांच्या दिशेने ०.१९ टक्के. गोव्यात उन्हाळा ते पावसाळा हा फरक लाकडात ४ ते ५ टक्के धरावा. ६०० मिमी रुंदीवर ५ टक्क्यांचा फरक धरला तर आडव्या पट्ट्यांचं टेबल ५.८ मिमी फुगेल, जवळजवळ दोन सूत. उभ्या पट्ट्यांचं २.५ मिमी, एका सुतापेक्षाही कमी. सपाट चिरलेली (वर्तुळांच्या रेषा रुंदीला समांतर असलेली) फळी उभी केली की तिची जाडी टेबलाच्या रुंदीत येते, आणि जाडी ही त्रिज्येची दिशा असते. फायदा सगळा इथे आहे.

माल ३० चौरस फूटच असेल तर मात्र आडवा पर्याय वाईट नाही. तेव्हा फ्लोअरिंग प्लायला गोंदाने चिकटवू नये. जमिनीवर बसवतात तसं जिभेतून तिरके स्क्रू मारून मोकळं बसवावं आणि चारी बाजूंच्या पट्टीत ३-४ मिमी जागा सोडावी. हलक्या कामाला ते पुरतं. हातोडा, पटाशी आणि रंध्याच्या कामाला वजन लागतं.

२४ जानेवारी

सगळ्या पेट्यांचं प्लास्टिक फाडलं. पट्ट्या चिऱ्याच्या भिंतीपासून फूटभर लांब, १२ मिमीच्या आडपट्ट्या देऊन रचल्या. दोन आडपट्ट्यांमधलं अंतर ४०० मिमी, आणि खालच्या-वरच्या आडपट्ट्या एकाच उभ्या रेषेत. नाहीतर रचलेल्या ढिगातच पट्ट्या वाकतात. वर वजन म्हणून दोन कडप्पे ठेवले.

बंद पेटीतला माल भट्टीत सुकवलेला असतो आणि प्लास्टिकमध्ये तसाच राहतो. ओलावा मोजायच्या मीटरवर तो ८-९ टक्के दाखवतोय. उखडलेला माल १३. या दोन पट्ट्या आजच शेजारी चिकटवल्या तर एक फुगेल आणि दुसरी सुकेल, आणि त्यांच्यामधला सांधा सगळा ताण घेईल. ८ टक्क्यांवर चिकटवलेलं टेबल पावसात १६ वर गेलं तर हलणं ४ मिमी होतं, त्यासाठी पायांच्या बोल्टची साधी गोल भोकं पुरणार नाहीत.

मीटर नसेल तर वजनकाटा पुरतो. ढिगाच्या मधल्या थरातल्या तीन पट्ट्यांवर पेन्सिलने नंबर घालून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं, ग्रॅमपर्यंत. आठवड्याभरात किलोमागे २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडेनासा झाला की लाकूड इथल्या हवेशी जुळलं असं समजावं.

१२ फेब्रुवारी

वजनं स्थिर. मीटरवर पेटीतला माल ११.५ ते १२, उखडलेला १२ ते १२.५. पिनवाल्या मीटरवर लाकडाची जात निवडायची सोय असते, ती सागवानावर ठेवूनच वाचावं. चिकटवायचं काम याच महिन्यात आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचं. हा काळ इथला सगळ्यात कोरडा. कोरड्यात जोडलेलं टेबल पुढे फुगतं आणि सांधे दाबले जातात. पावसाळ्यात जोडलेलं टेबल पुढे आकसतं आणि सांधे ओढले जातात. फेविकॉलचा सांधा दाब सहज सोसतो; ओढ सोसायची वेळ आली की टोकांकडून चिरायला सुरुवात होते. तयार टेबलाच्या टोकांना ज्या केसासारख्या भेगा दिसतात त्यांचं मूळ बहुतेकदा जुलै-ऑगस्टच्या जोडणीत असतं.

१४ फेब्रुवारी

उखडलेल्या पट्ट्यांचे खिळे. फ्लोअरिंग बसवताना खिळा जिभेच्या बरोबर मुळात, ४५ अंशांत मारतात, दर २५०-३०० मिमीवर. म्हणजे जी जीभ आपल्याला करवतीवर कापायची आहे तिथेच तो बसलेला असतो. बऱ्याच ठिकाणी डोकं तुटून आतला तुकडा राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून जिभेवरून फिरवलं की तुकडा असेल तिथे ते झुकतं. सापडलेले तुकडे पंचाने मागून ठोकून काढले. न निघणारे जिथे होते ती लांबी कापून टाकली. कार्बाइडचा एक दात गेला की त्या पात्याची प्रत्येक चीर रेघोट्यांची निघते.

मग चिरणं. १० इंची, २४ दातांचं कार्बाइड पातं. ६० दातांचं घेऊ नये, सागवानाच्या तेलाने ते भरतं आणि लाकूड जळतं. आधी खाचेची बाजू गाईडला लावून जीभ १ मिमी जास्त घेऊन कापायची. मग ही नवीन, सरळ कड गाईडला लावून खाचेकडची ९ मिमी कापायची. उरते ८० मिमी. वरच्या अंगाच्या कडांना जी बारीक तिरपी धार मारलेली असते तीही यात निघून जाते. जिभेची कापलेली चिपटी ३-४ मिमीची असते आणि पात्याजवळ अडकली तर मागे उडते. पात्यामागचा स्प्लिटर काढू नये, आणि पात्याच्या रेषेत उभं राहू नये.

सागवानाचा भुसा अंगाला खाजतो, काही जणांच्या हातांवर पुरळ उठतं. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

१७ फेब्रुवारी

कोटिंग काढणं. या कामात सगळ्यात जास्त हत्यारं इथेच खराब होतात. कारखान्याच्या कोटिंगमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, म्हणजे पॉलिश पेपरवर असतात तेच. अशी पट्टी सरळ रंधा मशीनमध्ये घातली तर हायस्पीड स्टीलच्या पात्यांना काही मिनिटांतच खाचा पडतात, आणि पुढच्या प्रत्येक पट्टीवर त्या खाचांच्या उंच रेघा उमटतात. त्या रेघांमुळे सांध्यात गोंदाचा थर जाड राहतो. म्हणून कोटिंग आधी बेल्ट सँडरने, ४० नंबरच्या झिरकोनिया पट्ट्याने. चमक पूर्ण गेली आणि सगळीकडे कोरडं लाकूड दिसलं की थांबायचं. जास्त घासलं तर कडा गोल होतात. साधारण ०.४ मिमी जातो.

मग थिकनेस मशीन. आधी पाठ : खोबण्या पूर्ण जाईपर्यंत, दर फेरीला १ मिमीपेक्षा कमी. खोबणीचा जरासा माग राहिला तरी तिथे सांध्यात पोकळी राहते, आणि टेबल रंधल्यावर ती पोकळी वर काळी रेघ म्हणून दिसते. मग घासलेली बाजू, एक हलकी फेरी. शेवटची जाडी सगळ्या पट्ट्यांची एकाच सेटिंगवर, १५ मिमी. मशीनच्या दोन रोलरांमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडे आत घालू नयेत. ४५० च्या पट्ट्या एकामागे एक टेकवून सोडल्या. त्यामुळे टोकं खोल कापली जाण्याचा प्रकारही टळतो.

सागवानात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते. ४० मीटर झाल्यावर पाती काढून घासून घेतली. घासायला लागणारा वेळ हा कामाचाच भाग धरावा.

२० फेब्रुवारी

निवड आणि मांडणी. पट्टीचं टोक पाहून तीन ढीग केले. पहिला : वर्तुळांच्या रेषा रुंदीला साधारण समांतर, म्हणजे सपाट चिरलेल्या. दुसरा : रेषा रुंदीला काटकोनात, म्हणजे त्रिज्येत चिरलेल्या. तिसरा : पांढरट कच्चं लाकूड असलेल्या.

तिसरा ढीग बाद. सागवानाचं आतलं लाकूड किड्याला आणि वाळवीला दाद देत नाही, बाहेरचं पांढरं देतं. त्यातून बारीक पीठ गळायला लागलं की शेजारच्या सांध्याचीही काळजी करावी लागते.

पहिला आणि दुसरा वेगळा का? टेबलाच्या जाडीत, म्हणजे ७५ मिमीच्या उंचीत, सपाट चिरलेली पट्टी ४ टक्के ओलावा वाढल्यावर जवळजवळ ०.६ मिमी वर येते. त्रिज्येत चिरलेली फक्त ०.२५. दोन्ही शेजारी असल्या तर जुलैमध्ये त्यांच्यामध्ये ०.३ मिमीची पायरी तयार होते. डोळ्याला ती दिसत नाही, पण नखाला लागते, आणि रंध्याखाली ठेवलेली पातळ फळी तिच्यावर डुलते. त्रिज्येतल्या पट्ट्या सहा ओळींच्या निघाल्या. त्या सगळ्या एकत्र, टेबलाच्या मागच्या कडेला.

पुढच्या कडेसाठी मत्तीची (ऐनाची) अखंड पट्टी लावायचा विचार होता, कारण मत्ती कठीण आणि इथे सहज मिळते. पण मत्ती सागवानापेक्षा जास्त हलते. त्याच पायरीच्या कारणाने ती टेबलात घेतली नाही, पायांना वापरली. पुढच्या कडेला १८०० मिमीची सागवानाची एक अखंड पट्टी टिंबर मार्टमधून वेगळी आणली, १५ मिमीपर्यंत रंधून.

मांडणीचे नियम : शेजारच्या दोन ओळींमधले टोकाचे सांधे कमीत कमी २०० मिमी अंतरावर. टेबलाच्या टोकापासून १५० मिमीच्या आत एकही टोकाचा सांधा नाही. डॉगच्या (काम अडवायच्या खुंट्यांच्या) भोकांची रेषा आणि वाईसची (शिकंज्याची) जागा आधी खडूने आखायची आणि तिथे सांधा येऊ द्यायचा नाही. भोक सांध्यावर आलं तर दोन्ही बाजूंचे छोटे तुकडे ड्रिलखाली निखळतात. टोकं काटकोनात, गुण्या लावून, बारीक दातांच्या पात्यावर. पट्टीच्या टोकाचा सांधा गोंदाने फारसं वजन घेत नाही, बळ शेजारच्या पट्ट्यांतून येतं, म्हणून ही शिस्त.

सगळ्या ओळी जमिनीवर मांडून प्रत्येक तुकड्यावर ओळ आणि क्रमांक लिहिला, आणि आठ-आठ ओळींच्या पाच ठोकळ्यांवर तिरकी मोठी रेघ ओढली. गोंद लावण्याच्या घाईत तुकडा उलटा पडला की रेघ तुटते आणि लगेच कळतं.

२३ ते २७ फेब्रुवारी

चिकटवणं, रोज सकाळी एक ठोकळा. फेविकॉल मरीन, कारण साधा पांढरा फेविकॉल ओलीत मऊ पडतो आणि इथली चार महिन्यांची हवा ओलीच. सांध्यांचं एकूण क्षेत्र ५.६ चौरस मीटर. दोन्ही बाजूंना लावून चौरस मीटरला २५० ग्रॅम धरले तर १.४ किलो. २ किलोचा डबा घेतला.

सागवानाचं तेल हा या सांध्यांचा मुख्य शत्रू. रंधल्यानंतर काही दिवसांत आतलं तेल पृष्ठभागावर येतं आणि गोंद आत शिरत नाही. उपाय दोन, दोन्ही करावेत. ज्या दिवशी चिकटवायचं त्या दिवशी सकाळी पट्ट्यांवरून ८० नंबरचा पेपर एकदा फिरवायचा. मग पांढऱ्या सुती फडक्याने ॲसिटोन पुसायचं. फडकं पिवळं-तपकिरी होतं, ते तेलच. फडकं बदलत राहायचं, आणि पुसून ॲसिटोन उडालं की लगेच गोंद. तासाभराने लावायचा असेल तर पुन्हा पुसावं.

फेब्रुवारीत सकाळी आठच्या सुमाराला गोंद उघडा राहायला दहा-बारा मिनिटं मिळतात, दुपारी पंख्याखाली पाचच. आठ ओळी म्हणजे वीस-बावीस तुकडे. दोन माणसं लागतात. एकाने रोलरने गोंद पसरायचा, दुसऱ्याने रचायचं. एका माणसाने करायचं असेल तर चार ओळींचे ठोकळे करावेत.

क्लॅम्प दर २०० मिमीवर, १८०० ला नऊ. पाच खालून, चार वरून, एकाआड एक. सगळे एकाच बाजूने लावले तर ठोकळा त्या बाजूकडे धनुष्यासारखा वाकतो. आधी लांबीच्या दिशेने एक लांब क्लॅम्प हलका आवळून टोकांचे सांधे मिटवायचे, मग मधून बाहेर आडवे क्लॅम्प. प्रत्येक सांध्यातून गोंदाचे बारीक मणी सलग दिसले की दाब पुरेसा. मणी न दिसणारी जागा म्हणजे कोरडा सांधा. तिथे आणखी आवळून उपयोग नसतो, लगेच उघडून गोंद लावावा लागतो. लोखंडी पाईप आणि ओलं लाकूड यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवावी, नाहीतर निळसर काळे डाग पडतात आणि ते २ मिमी खोल जातात.

सुटलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नये, पातळ होऊन रेषांत शिरतो. पाऊण तासाने रबरासारखा झाला की जुन्या पटाशीने खरवडून काढावा. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी सकाळी काढले, आणि रंधण्याआधी प्रत्येक ठोकळ्याला आणखी तीन दिवस. गोंदाचं पाणी सांध्याजवळचं लाकूड फुगवतं. फुगलेलं असतानाच रंधलं तर सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक चर पडतो.

तिसऱ्या ठोकळ्याला क्लॅम्पमधून काढल्यावर लांबीत २ मिमीचा वाक दिसला. त्यातल्या दोन लांब पट्ट्यांना मुळातच वाक होता आणि दोघींचा एकाच दिशेला. एवढा वाक पाच ठोकळे जोडताना क्लॅम्पने सरळ होतो, कारण पुढच्या-मागच्या ठोकळ्यांचं वजन त्याला धरून ठेवतं. ५ मिमी असता तर ठोकळा मधोमध चिरून पुन्हा जोडावा लागला असता.

३ मार्च

पाचही ठोकळे रंधा मशीनवर, आधी एक चेहरा सरळ, मग थिकनेसमध्ये ७६ मिमी. १२० मिमी रुंदीचे ठोकळे साध्या मशीनमध्ये जातात, ६०० चं टेबल जात नाही. ठोकळ्यांत काम करण्याचं कारण हेच. जोडायच्या कडा हाताच्या लांब रंध्याने साफ केल्या. दोन ठोकळे एकमेकांवर उभे ठेवून मागून दिवा धरला. उजेड दिसेनासा होईपर्यंत.

पाच ठोकळ्यांचे चार सांधे दोन फेऱ्यांत : आधी दोन आणि तीन असे गट, मग ते एकत्र. वरचा पृष्ठभाग खाली करून, सरळ लोखंडी चॅनेलवर. अशाने शेवटी रंधायचं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच राहिलं.

८ मार्च

सपाटी. टेबलाच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून नजर लावायची; वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर टेबलाला पीळ आहे. इथे एका कोपऱ्यात पाऊण मिलिमीटर. मोठा रंधा तिरका, आधी एका कोनात मग दुसऱ्या, मग शेवटी लांबीत. तिरका मारल्याने सागवानाच्या उलट-सुलट रेषा उचकटत नाहीत. आणि इथे ४० ओळींच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे सरळ मारून साफ पृष्ठभाग येणं अवघड. मागच्या कडेला शेवटी ढलपी तुटते, तिथे आधीच धार तिरपी करून घ्यावी.

तयार माप ७५ मिमी जाड, ५९४ मिमी रुंद. वजन साधारण ५२ किलो.

१० मार्च

डॉगची भोकं १९ मिमी, पुढच्या कडेपासून १०० मिमी, दर १२० मिमीवर. खालून लाकडाचा तुकडा क्लॅम्प करून, ड्रिल दर २० मिमीला बाहेर काढून भुसा साफ करत. सागवानात बिट तापला की भोक जळून काळं आणि गुळगुळीत होतं, मग होल्डफास्ट (काम टेबलावर दाबून धरणारा लोखंडी आकडा) त्यात घट्ट बसत नाही. लाकडी डॉग १८.५ मिमीचे केले. कोरड्यात ते किंचित ढिले वाटतात, पण पावसात भोक आणि डॉग दोन्ही बदलतात आणि १९ मिमीचा डॉग हातोड्यानेही निघत नाही. ७५ मिमी जाडी होल्डफास्टला छान. यापेक्षा जाड टेबल असतं तर खालून भोक मोठं करावं लागलं असतं.

वाईस ९ इंची, लोखंडी, बोल्टने; लाकडी स्क्रूने नाही.

१५ मार्च

पाय मत्तीचे, ७५ × ७५, आडपट्ट्यांना कुसू-भोक सांधा (एकाचं टोक दुसऱ्याच्या भोकात) आणि खुंटी. मत्तीत खिळा वाकतो, प्रत्येक स्क्रूला आधी भोक. बेंचची उंची ८६० मिमी. पायांखाली १० मिमी रबर, लादीची ओल वर चढू नये म्हणून.

टेबल पायांना चार एम-१० बोल्टने. पुढचे दोन गोल भोकांत घट्ट, मागचे दोन १० × १८ मिमीच्या लांबट भोकांत, मोठा वॉशर लावून. पुढची कड वाईससह जागेवर राहते आणि सगळं हलणं मागे जातं. चारही गोल भोकांत आवळले तर टेबल फुगताना पायांच्या आडपट्टीला चिरतं, नाहीतर स्वतः मध्ये उचलतं.

१९ मार्च

फिनिश. नुसतं अळशीचं तेल इथे नको. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मेलामाईनसारखा जाड थर बेंचवर नको, काम घसरतं आणि हातोड्याने टवके उडतात. पीयू व्हार्निश, डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणि टर्पेन्टाईन, तिन्ही सारख्या मापाने. फडक्याने लावायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर तीन हात आणि खालीही तीनच. खालची बाजू कोरडी ठेवली तर ती ओल पटकन घेते आणि टेबल वाटीसारखं होतं. टोकांना पाच हात, कारण ओलावा टोकांतून सगळ्यात वेगाने आत-बाहेर होतो.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेईल एवढी ती वाढते. उलगडून बाहेर दोरीवर वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत.

२४ जुलै

महिनाभराच्या सलग पावसानंतर मोजमाप. मीटरवर १५.५ ते १६. रुंदी ५९५.५ मिमी, ५९४ वरून दीड मिमी वाढ. हिशेबाने ४ टक्क्यांना २ मिमी यायला हवे होते. फिनिशमुळे टेबलाचा गाभा अजून मागे आहे, ऑगस्टअखेर उरलेला अर्धा मिमी येईल. मागचे बोल्ट लांबट भोकांत सरकलेले दिसतात, वॉशरखाली चकाकलेली रेघ आहे. तेवढे अर्धा फेरा सैल करून पुन्हा हातानेच आवळले.

वरून सरळपट्टी : लांबीत सपाट, रुंदीत मध्ये ०.२ मिमी उंच. सहा त्रिज्येतल्या ओळी मागच्या कडेला आहेत तिथे नखाला पायरी लागते, त्यांच्या आणि पुढच्या ओळींच्या मध्येच. बाकी कुठे नाही. कामाला अडचण नाही. टोकांना भेग नाही.

बेंच चिऱ्याच्या भिंतीपासून १५० मिमी ओढला. पावसात भिंत ओल सोडते आणि मागची कड पुढच्यापेक्षा जास्त ओली होते. होल्डफास्ट आणि वाईसच्या स्क्रूला तेलाचा हात. एवढ्या आठवड्यांत उघड्या लोखंडावर गंज आलाच होता.

३० नोव्हेंबर

मीटरवर १३.५, रुंदी ५९५. मधला उंचवटा गेला. आता रंधून सपाट करायचा मोह होतो, पण लाकूड अजून सुकतंय. मधला गाभा कडांपेक्षा ओला आहे. आज सपाट केलं तर फेब्रुवारीत मध्ये खोल पडेल. सपाटी फेब्रुवारीच्या शेवटी, मीटर १२ वर आल्यावर, एकदाच. तोपर्यंत फक्त मागच्या बोल्टवर नजर.